ईयोबाचे मित्र

१ नोव्हेंबर १७५५. लिस्बनमध्ये सर्व संतांचा सण होता. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते आणि शहरातली झाडून सगळी चर्चं मिस्सेला आलेल्या माणसांनी भरली होती. सण म्हणून वेदीवर नेहमीपेक्षा जास्त मेणबत्त्या लावलेल्या. तेवढ्यात जमीन हलायला लागली. थोडी थांबली, पुन्हा हलली, असं काही मिनिटं चाललं आणि दगडी छतं खाली प्रार्थना करणाऱ्यांवर आली. जे बाहेर पडू शकले ते पडक्या घरांपासून लांब, तेजू नदीच्या मोकळ्या काठाकडे धावले. कुणीही शहाणा माणूस हेच करील. साधारण पाऊण तासाने नदीच्या मुखातून समुद्र आत शिरला आणि काठावरच्या गर्दीला घेऊन गेला. इकडे शहरात कलंडलेल्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी आग लावली होती, ती पाच-सहा दिवस विझली नाही. सर्व संतांच्याच नावाचं मोठं रुग्णालय आतल्या रुग्णांसकट जळालं. शहराची वस्ती तेव्हा दोन लाखांच्या आसपास होती. मृतांचे अंदाज ३०,००० पासून ६०,००० पर्यंत दिले जातात.

राजा पहिला जुझे पहाटेची मिस्सा उरकून कुटुंबासह शहराबाहेर बेलेंला गेला होता, म्हणून वाचला. पण दगडी भिंतींची त्याने अशी धास्ती घेतली की पुढचं आयुष्य तंबूत आणि लाकडी वाड्यात काढलं. आणखी एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटली नाही. चर्चं पडली, पाखंड्यांना शिक्षा करणाऱ्या धर्मन्यायालयाचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, वाडा पडला. आल्फामा भागातली वेश्यावस्ती मात्र बरीचशी उभी राहिली, असं सांगतात.

मढी अजून ढिगाऱ्याखाली होती तोवरच कारणं सांगणारे पुढे झाले. उत्तर युरोपातल्या प्रोटेस्टंट उपदेशकांना कारण लख्ख दिसत होतं: हे इन्क्विझिशनचं शहर, इथे धर्माच्या नावाने माणसं जाळली, आता भोगा. इंग्लंडमध्ये मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लीने लगोलग पुस्तिका काढून हा देवाचा न्याय असल्याचं सुचवलं. पोर्तुगालमधल्या काही कडव्या मंडळींचं निदान बरोबर उलटं होतं. त्यांच्या मते पाखंड्यांना फार सैल सोडलं म्हणून देव कोपला होता. गाब्रिएल मालाग्रिदा हा म्हातारा जेझुइट धर्मगुरू १७५६ मध्ये लिहिता झाला की धूमकेतू नाही, भूगर्भातली वाफ नाही, लिस्बन बुडवलं ते तुमच्या नाटक-तमाशांनी आणि पापांनी. लोकांनी घरं बांधायची धांदल सोडून प्रायश्चित्ताला बसावं, असा त्याचा आग्रह. शहर पुन्हा उभं करायला निघालेल्या मंत्र्याला, म्हणजे पुढे पोंबालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या माणसाला, हे परवडणारं नव्हतं. त्याने मालाग्रिदाला शहराबाहेर काढलं आणि देशभरातल्या धर्मगुरूंना एक प्रश्नावली धाडली: हादरे किती वेळ बसले, किती बसले, माणसं किती गेली, समुद्र आधी चढला की ओसरला? भूकंपशास्त्राची सुरुवात या कागदांपासून धरतात. मालाग्रिदाला १७६१ मध्ये पाखंडाच्या आरोपावरून इन्क्विझिशननेच गळा आवळून मारलं आणि जाळलं. याच पोंबालने १७५९ मध्ये जेझुइटांना पोर्तुगालच्या मुलखातून, म्हणजे गोव्यातूनही, हाकललं आणि १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन बंद केलं. (ते चारच वर्षांत पुन्हा सुरू झालं आणि कायमचं संपायला १८१२ उजाडलं, ही गोष्ट वेगळी.)

देव असताना असं का होतं, हा प्रश्न सगळीकडेच विचारला जातो. ख्रिस्ती धर्मात तो जास्त टोचतो, कारण तिथे निसटायच्या वाटा बंद आहेत. देव एकच, तेव्हा दुसऱ्या कुठल्या देवतेवर ढकलता येत नाही. जग त्याने शून्यातून निर्माण केलं, तेव्हा मुळातला माल खराब होता असंही म्हणता येत नाही. जन्म एकच, तेव्हा गेल्या जन्मीचा हिशेब काढता येत नाही. आणि हा देव नुसता बलवान नाही, तो बाप आहे आणि प्रेम हा त्याचा स्वभावच आहे, असं धर्म सांगतो. आपल्याकडे ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हाच आक्षेप येतो. कुणी सुखी, कुणी दुःखी असं जग करणाऱ्या ईश्वरावर वैषम्य आणि नैर्घृण्य, म्हणजे पक्षपात आणि निर्दयपणा, असे दोन दोष लागतात. शंकराचार्य त्याचं उत्तर कर्मावर सोपवतात: ईश्वर जिवाच्या कर्माप्रमाणे फळ देतो आणि कर्माची साखळी अनादी आहे. हे उत्तर पटो न पटो, ते निदान हाताशी आहे. ख्रिस्ती विचारवंताला तेही नाही.

म्हणून त्यांनी दोन हजार वर्षं कारणं शोधली. त्यातली काही फार हुशारीची आहेत. गंमत अशी की ज्या ग्रंथाच्या आधारावर ती शोधली, तो ग्रंथ स्वतः कारणं सांगणाऱ्यांवर भलताच नाराज आहे. त्याकडे येऊच, पण आधी कारणं.

सर्वांत लांब सावली पडली ती संत ऑगस्टिन यांची. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे हे बिशप तरुणपणी नऊ वर्षं मानी पंथात होते. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वं अनादी काळापासून झुंजतात, असं हा पंथ सांगे. सोय मोठी होती. वाईटाचं खापर फोडायला दुसरा मालक तयार. पुढे ऑगस्टिन यांना ते पटेनासं झालं आणि त्यांनी उलट टोक गाठलं. वाईट म्हणून काही वस्तूच नाही. जखम बरी झाली की ती उठून दुसरीकडे राहायला जात नाही, तिथे निरोगीपणा नव्हता तो आला, इतकंच. तसं वाईट म्हणजे चांगल्याची उणीव. देवाने जे जे केलं ते चांगलंच केलं, त्याने वाईट निर्माण केलेलंच नाही. मग उणीव आली कुठून? ती इच्छेच्या वाकडेपणातून आली. आपल्या आत्मकथनात त्यांनी एक लहानशी चोरी फार बारकाईने तपासली आहे. सोळा वर्षांचे असताना मित्रांबरोबर रात्री त्यांनी शेजारच्या झाडाची नासपती चोरली. भूक नव्हती, फळंही काही खास नव्हती, बहुतेक डुकरांना टाकली. मग चोरली का? चोरायची होती म्हणून. एका बिशपाने पोरवयातल्या या उचापतीवर पानंच्या पानं खर्चावीत याचं वाचकांना हसू येतं, पण त्यांचा सगळा सिद्धान्त त्या झाडाखाली उभा आहे.

आदाम आणि हव्वेची कथा हीच वाकडी इच्छा माणसाच्या आरंभाला नेऊन ठेवते. मराठीत ती फार जुन्या काळी आली. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ओवीबद्ध क्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं आणि त्याचा पहिला भाग जगाच्या निर्मितीपासूनच सुरू होतो. देवाने माणसाला स्वातंत्र्य दिलं. खरं प्रेम आणि खरा चांगुलपणा स्वातंत्र्याशिवाय शक्य नाही. स्वातंत्र्य दिलं की त्याचा गैरवापर होण्याची जोखीम आली. ती जोखीम माणसाने खरी करून दाखवली. आजही कुणा सश्रद्ध ख्रिस्ती माणसाला विचारलं तर बहुधा हेच उत्तर मिळेल, आणि खून, युद्ध, गुलामगिरी, छळछावण्या यांच्यापुरतं त्यात दम आहे. प्रत्येक गोळी बंदुकीतून सुटताच देवाने मऊ केली असती, तर कुणीही खुनी झालं नसतं आणि कुणाच्या चांगुलपणालाही अर्थ उरला नसता.

पण ऑगस्टिन यांनी हा तर्क जिथवर नेला, तिथे त्याने माणुसकीचा हात सोडला. सगळी मानवजात आदामाच्या पापात सामील, मग बाप्तिस्मा न होता मेलेल्या तान्ह्या बाळाचं काय? सौम्यात सौम्य का होईना, पण शिक्षा, असं त्यांनी लिहून ठेवलं. पुढची कित्येक शतकं चर्च या एका वाक्याभोवती अवघडून फिरत राहिलं. शिवाय लिस्बन कुणाच्या इच्छेने हललं? आज आपल्याला ठाऊक आहे की पृथ्वीवर माणूस येण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून भूखंड सरकत आहेत आणि प्राणी प्राण्यांना फाडून खात आहेत. आदामाचं पाप त्यांच्या आधी नेऊन ठेवता येत नाही.

भूकंपाचा सगळ्यांत मोठा धक्का मात्र एका मेलेल्या जर्मन तत्त्वज्ञाला बसला. गॉटफ्रीड लायब्निझ १७१६ मध्येच वारला होता. १७१० च्या त्याच्या ‘थिओडिसी’ या पुस्तकातला युक्तिवाद असा: देवासमोर अगणित शक्य जगं होती. तो सर्वज्ञ आणि सर्वतोपरी चांगला, तेव्हा त्याने त्यातलं सर्वांत चांगलंच निवडलं असणार. सर्वांत चांगलं म्हणजे दुःखरहित, असं लायब्निझ कधीच म्हणाला नाही. काही मोठी भली गोष्ट काही वाईटाशिवाय मिळतच नसेल, आणि आपण कोपऱ्यात उभे राहून अख्खं चित्र पाहू शकत नाही, एवढंच तो म्हणत होता. व्हॉल्टेअरने यातली सगळी गणिती नजाकत काढून टाकली. १७५६ मध्ये त्याने लिस्बनवर दीर्घ कविता लिहिली आणि १७५९ मध्ये ‘कांदीद’ या कादंबरीत पँग्लॉस नावाचा गुरुजी उभा केला. उपदंशाने नाक झडलं तरी, भूकंपात शहर पडलं तरी, सगळं उत्तम चाललंय हे त्याचं पालुपद सुटत नाही. लायब्निझवर हा अन्याय होता. पण इतका रंगतदार, की मूळ युक्तिवादाची नंतर कुणी पत्रास ठेवली नाही.

मला यात सगळ्यांत आवडतं ते रूसोने व्हॉल्टेअरला ऑगस्ट १७५६ मध्ये लिहिलेलं पत्र. सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीने निसर्गाने बांधली नव्हती, असं तो सुनावतो. लोक विखरून आणि हलक्या घरांत राहत असते तर नुकसान कितीतरी कमी झालं असतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात झोपेतल्या माणसांवर कोसळलेल्या मातीच्या जड छतांची आणि दगडी भिंतींची आठवण असलेल्या मराठी वाचकाला रूसोचा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको. निसर्गाची म्हणून जी आपत्ती आपण देवाच्या नावे लावतो, तिच्यात माणसाचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. प्रश्न त्याने संपत नाही. थोडा हलका होतो, एवढंच.

दुसऱ्या शतकातले लिओनचे बिशप इरेनेउस यांच्या लेखनात आणखी एक वाट सापडते. देवाने माणूस परिपूर्ण केलाच नव्हता. तो मुलासारखा कच्चा होता आणि त्याने वाढायचं होतं. जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९६६ मध्ये या धाग्यावरून पूर्ण सिद्धान्त विणला. जग हे सुखाचं घर म्हणून बांधलेलंच नाही, ते माणूस घडवण्याची जागा आहे. धोका नसता तर धैर्य नसतं, गरज नसती तर करुणा नसती. ‘दुःखाने माणूस घडतो’ हे आपणही येताजाता म्हणतो. यातली अडचण दवाखान्यातल्या कुठल्याही परिचारिकेला ठाऊक असते. दुःखाने काही माणसं घडतात आणि बरीच मोडतात. काहींना तर घडायला वेळच मिळत नाही, ती पाळण्यातच जातात. हिकला हे दिसत होतं, म्हणून त्याला मृत्यूनंतरही घडण चालू राहते आणि शेवटी सगळेच तरतात असं मानावं लागलं. पारंपरिक चर्चला हे शेवटचं काही पचलं नाही.

पाळण्यातल्या मुलांचा मुद्दा दस्तयेव्हस्कीइतक्या निष्ठुरपणे कुणी मांडलेला नाही, आणि तो स्वतः कट्टर ख्रिस्ती होता हे विसरून चालणार नाही. ‘कारामाझोव बंधू’ ही कादंबरी तो लिहायला बसला त्याच सुमारास, मे १८७८ मध्ये, त्याचा अल्योशा नावाचा मुलगा अपस्माराच्या झटक्याने गेला. अजून तीन वर्षांचाही झाला नव्हता. कादंबरीतल्या सर्वांत निर्मळ भावाला त्याने तेच नाव दिलं. आणि त्याच अल्योशासमोर नास्तिक भाऊ इव्हान मुलांच्या छळाच्या हकिकती एकामागून एक मांडत जातो. एका जनरलच्या कुत्र्याच्या पायाला चुकून दगड लागला म्हणून वेठीच्या कुळातल्या आठ वर्षांच्या पोराला आईच्या डोळ्यांदेखत शिकारी कुत्र्यांपुढे पळायला लावलं. इव्हान म्हणतो, शेवटी सगळ्याचा मेळ बसेल, आई त्या जनरलला मिठी मारेल, सगळं उमजेल, हे मी मान्यही करतो. पण त्या मेळाची किंमत हे एक मूल असेल तर मला तो नको, माझं तिकीट मी परत करतो. अल्योशाला यावर युक्तिवाद सुचत नाही. लेखकालाही सुचला नाही, आणि त्याने तो सुचल्याचं सोंग केलं नाही.

विसाव्या शतकातल्या विद्यापीठांत मात्र वादाचं रूप अगदी कोरडं झालं. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये मांडलं की सर्वशक्तिमान देव, सर्वतोपरी चांगला देव आणि वाईटाचं अस्तित्व या तीन गोष्टी एकत्र मानणं हे तर्कशास्त्राच्या दृष्टीने विसंगत आहे. अमेरिकेच्या ॲल्विन प्लँटिंगाने त्याला दिलेलं उत्तर १९७४ च्या त्याच्या पुस्तकांतून गाजलं. आपल्याला देवाचं खरं कारण दाखवायची गरज नाही, असा त्याचा पवित्रा. विसंगती मोडायला एक शक्यता पुरते. स्वतंत्र माणसं कधीच चुकणार नाहीत असं जग घडवणं हे देवाच्याही हाती नसणं शक्य आहे, कारण ती चुकणार की नाही हे त्यांच्याच हाती आहे. भूकंप, रोगराई यांचं काय? तेही पतित देवदूतांच्या स्वतंत्र इच्छेचं काम असणं निदान शक्य आहे. वाचताना भुवया उंचावतात, पण प्लँटिंगा हे खरं आहे असं म्हणत नाही, शक्य आहे इतकंच म्हणतो, आणि तर्काच्या खेळात तेवढं चालतं. बऱ्याच नास्तिक तत्त्वज्ञांनीही हा डाव त्याला दिला. मग विल्यम रो या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये पट बदलला. दूरच्या रानात वीज पडून वणवा लागतो, एक पाडस होरपळतं, दिवसेंदिवस तडफडतं आणि मरतं. कुणी पाहत नाही, कुणी शिकत नाही, कुणाचं धैर्य वाढत नाही. विसंगती राहू द्या. अशी पाडसं असंख्य असताना देव असण्याची शक्यता किती उरते ते सांगा, असं तो विचारतो. देवाची कारणं आपल्या आकलनापलीकडची असतील, या उत्तराची किंमतही मोठी आहे. त्याच्या हेतूंबद्दल आपल्याला इतकं कमी कळत असेल, तर तो चांगला आहे हे तरी कशाच्या जोरावर म्हणायचं?

आता तो ग्रंथ. जुन्या करारातलं ईयोबाचं पुस्तक, ४२ अध्यायांचं. ऊस देशातला ईयोब सज्जन आणि गबर. सात मुलगे, तीन मुली, ७,००० मेंढरं, ३,००० उंट. सैतान देवाला म्हणतो, इतकं दिल्यावर कोण भक्ती करणार नाही? देव परवानगी देतो. गुरंढोरं, नोकर, दहाही मुलं एका दिवसात जातात. मग ईयोबाच्या अंगभर गळवं उठतात आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवत राहतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र भेटायला येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात आणि कुणी एक शब्द बोलत नाही. तिथवर त्यांचं वागणं बिनचूक आहे.

मग ते बोलायला लागतात. अलीफज म्हणतो, निरपराध माणसाचा असा नाश झालेला कधी ऐकलाय का? बिल्दद तर मेलेल्या मुलांच्या बापाला सुचवतो की मुलांनीच काही पाप केलं असेल. सोफरच्या मते देवाने शिक्षा कमीच केली आहे. एकेक भाषण रेखीव, धार्मिक, सुभाषितांनी भरलेलं. लिस्बनवरच्या पुस्तिका वाचताना हेच तिघं पुन्हा भेटतात. ईयोब मात्र ऐकत नाही. तो जन्मदिवसाला शाप देतो, देवावर अन्यायाचा आरोप करतो, माझ्यावरचं आरोपपत्र लिहून दाखवा आणि समोरासमोर खटला चालवा म्हणून हट्ट धरतो. ‘ईयोबासारखा धीर’ असं चर्चमध्ये म्हणतात ते पहिल्या दोन अध्यायांच्या जोरावर. पुढचे बहुतेक अध्याय तो चवताळलेला आहे.

शेवटी वावटळीतून देव बोलतो आणि एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही. सैतानाशी झालेल्या पैजेचा तर उच्चारही करत नाही. उलट तोच प्रश्न विचारतो: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? रानशेळ्या कधी वितात ठाऊक आहे का? शहामृग, रानगाढव, घोडा, गरुड, बेहेमोथ, लिव्याथान, असं एकामागून एक जनावर. ईयोब गप्प होतो. हे उत्तर आहे की दमदाटी, यावर ज्यू आणि ख्रिस्ती पंडित आजवर भांडताहेत. मला स्वतःला त्यातलं निम्मं दमदाटीच वाटतं. उरलेल्या निम्म्यात मात्र माणसाच्या हिशेबात न मावणारं एक अफाट, रानटी, देवाला प्रिय असलेलं जग दिसतं. पण खरी कलाटणी पुढे आहे. देव अलीफजकडे वळतो आणि म्हणतो की तुमच्यावर मी रागावलो आहे, माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. देवाची बाजू मांडणारे तिघंही चूक, देवाशी भांडणारा बरोबर! आणि तिघांनी माफीसाठी जायचं ते ईयोबाकडे. त्याने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. इमान्युएल कांटने तरुणपणी, १७५६ मध्ये, लिस्बनच्या भूकंपाच्या नैसर्गिक कारणांवर लेख लिहिले होते. १७९१ मध्ये म्हातारपणी त्याने या विषयावर पुन्हा लिहिलं. देवाचं समर्थन करण्याचे तत्त्वज्ञांचे सगळे प्रयत्न फसले आहेत, असं म्हणून त्याने ईयोब पुढे केला. मित्र देवाची मर्जी राखायला बोलत होते, ईयोब मनातलं बोलत होता. देवाला प्रामाणिकपणा आवडला.

पुस्तकाचा शेवट गोड आहे, तोच मला खटकतो. मेंढरं दुप्पट, १४,००० होतात. मुलं मात्र दुप्पट होत नाहीत, पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली. पहिल्या दहांबद्दल एक अक्षर नाही.

नव्या करारातही हीच नाराजी आहे. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, त्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात येतो. ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशू बजावतो. योहानच्या शुभवर्तमानात एक जन्मांध दिसतो आणि शिष्य लगेच विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? कुणाचंच नाही, असं उत्तर मिळतं. देवाची कामं याच्या ठायी दिसावीत म्हणून, असं येशू पुढे जोडतो खरं, आणि त्यावरून पुन्हा वाद होऊ शकतो. पण त्यानंतर तो भाषण करत नाही. जमिनीवर थुंकून चिखल कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो.

आणि मग क्रूस. कुठल्याही ख्रिस्ती माणसाशी या विषयावर बोललं तर तो शेवटी इथेच येऊन थांबतो, आणि ते साहजिक आहे. त्याच्या श्रद्धेप्रमाणे तिथे मरणारा माणूस हा देवच आहे, आणि मरताना त्याने देवाला विचारलं की तू मला का सोडलंस. मार्क आणि मत्तय या दोघांनी हा प्रश्न लपवला नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा युर्गेन मोल्टमान हा सतरा वर्षांचा मुलगा तिथल्या विमानविरोधी तोफेवर कामाला होता. शेजारी उभा असलेला मित्र चिंधड्या होऊन गेला, हा वाचला. पुढे स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्या हाती बायबल आलं, आणि मार्कमधली ती किंकाळी वाचताना आपल्याला समजून घेणारा कुणी भेटला असं त्याला वाटलं. १९७२ चं त्याचं ‘क्रूसावर खिळलेला देव’ हे पुस्तक त्यातून आलं. देव वर बसून दुःख पाठवत नाही, तो त्यात आहे. देवाला दुःख होऊच शकत नाही, असं चर्च शतकानुशतकं शिकवत होतं. मोल्टमानने ते उलटवलं. त्यावर कार्ल राहनर या कॅथलिक धर्मशास्त्रज्ञाची तक्रार मोठी रोखठोक आहे: देवही माझ्याच गाळात रुतला असेल, तर त्याने माझी सुटका कशी व्हायची?

सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने वेदनेवर दोन पुस्तकं लिहिली. पहिलं १९४० चं, नेटकं, मुद्देसूद. वेदना हा बहिऱ्या जगाला जागं करायचा देवाचा मार्ग आहे, असं ते सांगतं. १९६० मध्ये त्याची बायको जॉय कॅन्सरने गेली. दुसरं पुस्तक १९६१ मध्ये टोपणनावाने निघालं, कारण ते वह्यांत रोज लिहिलेलं आक्रंदन होतं. त्यात देव दाराला आतून कडी लावून बसलेला आहे. श्रद्धा त्याने सोडली नाही. पण पहिल्या पुस्तकातले मुद्दे दुसऱ्यात त्याच्या फारसे कामी आले नाहीत, हे दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचणाऱ्याला लपत नाही.

मराठीत हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यातून गेला त्यांत पंडिता रमाबाई पहिल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं कुटुंब तीर्थं हिंडत, व्रतं आणि दानं करत दैवी कृपेची वाट पाहत राहिलं. पैसा संपला. रानातल्या पाल्यावर आणि मूठभर रानखजुरांवर दिवस काढले. अंध झालेले वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या मृत्यूंचा हिशेब त्यांनी नव्या देवाकडे मागितला असता तर नवल नव्हतं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन परतल्या. आपल्या लहानपणच्या उपासमारीची आठवण आपल्याला तिकडे घेऊन गेली, असं त्यांनी लिहिलं आहे. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये अशा मुली-बायकांची संख्या पुढे कित्येक शेकड्यांवर गेली. तिथेच त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत अख्खं बायबल एकटीने उतरवायला बसल्या. एकुलती मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये गेली. रमाबाईंनी त्यानंतरही, एप्रिल १९२२ मध्ये स्वतःला मरण येईपर्यंत, भाषांतराचं काम सोडलं नाही. त्या बायबलात ईयोबाचे ४२ अध्यायही आहेत, तिन्ही मित्रांच्या लांबलचक भाषणांसकट.